सल्ला: एआयवरून आजोबा-नातवाचा अबोला, आणि दुकानातलं गिऱ्हाईक

नमस्कार. मी सांगलीत डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान चालवते. लग्नपत्रिका, हँडबिलं, बारशाची कार्डं, मंडळांचे फ्लेक्स अशी कामं. मुलगा पुण्यात कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सासरे राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झाले, युनियनचं काम त्यांनी जन्मभर केलं. गणपतीत सगळे जमले होते तेव्हा एआयवरून वाद पेटला. सासरे म्हणाले, "हे यंत्र तुमच्या पिढीच्या तोंडचा घास काढणार." मुलगा म्हणाला, "आजोबा, तुम्ही लोकांनी कम्प्युटरलाही विरोध केला होता. तुमचं ऐकलं असतं तर देश कुठे असता?" सासरे भरल्या पानावरून उठले. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. धाकटे दीर वाळव्याला ऊस करतात, त्यांना बारामतीसारखं एआयवालं यंत्र रानात बसवायचंय. नणंद अमेरिकेत शिक्षिका आहे. ती म्हणते, पोरांना यापासून लांब ठेवा. आणि माझ्या दुकानात गिऱ्हाईक मोबाइलवर एआयनं केलेलं डिझाइन घेऊन येतं आणि म्हणतं, "फक्त प्रिंट मारून द्या." डिझाइनचे पैसे गेले. मी कुणाचं खरं मानू? दुकानात हे वापरू की नको? मुलगा महिन्याला दोन हजारांचं एआयचं सबस्क्रिप्शन मागतोय, तेही देऊ का?
— एक वाचक, सांगली

ताई,

आधी आजोबा-नातवाचं बघू. दुकानाचा हिशेब आठ दिवस उशिरा लागला तरी चालेल, पण अबोला रेंगाळला की तो घरात कायमचा बसतो.

तुमच्या मुलानं आजोबांना जे सुनावलं ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं त्याला कुणी सांगितलेलंच नाही. बँकांत कम्प्युटर यायला लागले तेव्हा कर्मचारी संघटनांनी कडाडून विरोध केला, ही गोष्ट खरी. त्याआधी साठच्या दशकात कलकत्त्याला आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी कम्प्युटर आत येऊ नये म्हणून इमारतीवर पहारे दिले होते. पण बँकांची गोष्ट विरोधावर संपली नाही. 1983 मध्ये बँकांचे प्रतिनिधी आणि कर्मचारी संघटना समोरासमोर बसल्या आणि करार झाला. यंत्रं कुठे आणायची, किती आणायची, कुठल्या कामाला वापरायची, ती चालवणाऱ्याला भत्ता काय, हे सगळं बोलणीतून ठरत गेलं. 1984 मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणावरच्या रंगराजन समितीचा अहवाल आला, पुढे 1987 आणि 1993 मध्ये आणखी करार झाले. यंत्र आलंच, पण टप्प्याटप्प्यानं आलं. ज्या क्लार्कच्या हातातली खातेवही (लेजर) गेली, बहुतेक वेळा त्याच माणसाला मशीन शिकवून कामावर ठेवलं. 2000-01 मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसं बाहेर पडली, तीसुद्धा हातात रक्कम घेऊन.

म्हणजे तुमच्या सासऱ्यांनी कम्प्युटर अडवला नाही. त्यांनी अटी घातल्या, आणि त्या अटींमुळे हजारो घरांच्या चुली पेटत्या राहिल्या. हे त्यांच्या आयुष्यातलं मोठं काम आहे. नातवानं एका वाक्यात त्याची किंमत शून्य केली, म्हणून ते पानावरून उठले. मला त्यांचा राग पटतो.

त्यांची आजची काळजीही वाऱ्यावरची नाही. जुलै 2025 मध्ये टीसीएसनं आपले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करायचं जाहीर केलं. कारण एआय नाही, कौशल्यांचा मेळ बसत नाही, असं कंपनीनं सांगितलं. कारण काहीही असो, त्या बारा हजार माणसांच्या वतीनं समोर बसून अटी घालणारं फारसं कुणी नव्हतं. जिथे असं कुणी होतं तिथे काय घडलं तेही मुलाला सांगा. 2023 मध्ये हॉलिवूडचे पटकथालेखक 148 दिवस संपावर होते. मिटवताना त्यांनी करारात लिहून घेतलं की एआय वापरायची सक्ती लेखकावर करता येणार नाही, आणि एआयनं लिहिलेला मजकूर लेखकाच्या हाती दिला तर तसं आधी सांगावं लागेल. तुमच्या सासऱ्यांनी चाळीस वर्षांपूर्वी केलं ते याच जातीचं काम होतं. लेखकांनीही यंत्रावर बंदी मागितली नव्हती, ते वापरायचं कसं हे ठरवताना आपलं मत विचारलं जावं एवढंच मागितलं होतं.

आता मुलाची बाजू. तो तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी त्याचे प्लेसमेंट इंटरव्ह्यू. ऑगस्ट 2025 मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या पगाराच्या नोंदी तपासून मांडलं की एआयची जास्त झळ बसणाऱ्या कामांत, ज्यात सॉफ्टवेअरही आलं, 22 ते 25 वयाच्या मुलांचा रोजगार इतरांच्या तुलनेत 13 टक्क्यांनी घटला. अनुभवी माणसांचा तसा घटला नाही. त्याच्या वर्गात ही चर्चा रोज होत असणार. ज्या मुलाला या लाटेत उतरायचंच आहे आणि किनाऱ्यावर थांबायची सोय नाही, तो लाट चांगली आहे असंच म्हणणार. त्याच्या जोरजोरात बोलण्यात मला उत्साहाइतकीच धास्ती ऐकू येते. घरातला मोठा माणूस तीच धास्ती बोलून दाखवतो तेव्हा ती ऐकवत नाही, मग शब्द जातात.

तेव्हा "आजोबांना सॉरी म्हण" असं त्याला सांगू नका. तो म्हणेल, ते हूं म्हणतील, आणि विषय बंद होईल. त्याला म्हणा, आजोबांना फोन करून एवढंच विचार: तुमच्या शाखेत पहिलं मशीन आलं तेव्हा ते कुणी चालवलं, आणि ज्यांना येत नव्हतं त्यांचं काय केलं? युनियनमध्ये हयात घालवलेला माणूस या प्रश्नाला दोन शब्दांत उत्तर देऊ शकणार नाही. आणि सासऱ्यांना तुम्ही स्वतः, चहा देताना, मुलाच्या प्लेसमेंटचं सांगा. तो घाबरलाय हे सांगा. नातू उर्मट झालाय असं त्यांना वाटत असेल. तो घाबरलाय हे कळलं की आजोबांचं मन निराळं होतं.

कुणाचं खरं मानू, असं तुम्ही विचारलंय. ताई, तुमच्या घरात चार मतं आहेत आणि जगातही ती साधारण याच घडीची आहेत. इप्सॉस या संस्थेनं 2024 मध्ये देशोदेशी विचारलं की एआयच्या वस्तूंचे फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का. चीनमध्ये 83 टक्के, इंडोनेशियात 80 टक्के, थायलंडमध्ये 77 टक्के लोक हो म्हणाले. कॅनडात 40, अमेरिकेत 39 आणि नेदरलँड्समध्ये 36. मला यातून असं दिसतं की, ज्याला तज्ज्ञ डॉक्टर, चांगला मास्तर, इंग्रजी पत्र लिहून देणारा माणूस कधी परवडलाच नाही, त्याला एआय काहीतरी देतं. ज्याच्याकडे हे सगळं आधीच होतं आणि त्यावरच ज्याचा पगार चालतो, त्याच्याकडून ते काहीतरी नेतं. दोघं आपापल्या जागेवरून बरोबर पाहतात.

दिरांचं तेच आहे. त्यांच्या रानात कृषितज्ज्ञ रोज येणार नाही. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या प्रयोगात रानातले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रं यांवरून पाणी किती, खत कधी, रोग कुठे याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. त्यांना ते हवंसं वाटणारच, आणि वाटावं. राज्य सरकारनेही 2025 मध्ये शेतीतल्या एआयचं धोरण करून पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपये ठेवलेत. फक्त पैसे भरण्यापूर्वी त्यांना तीन गोष्टी विचारायला सांगा. सेन्सर बिघडला तर दुरुस्तीला कोण आणि किती दिवसांत येणार? दुसऱ्या वर्षापासून खर्च कुणाचा? आणि रानाची जी माहिती गोळा होते ती आणखी कुणाला दिली जाते? उत्तर लेखी मिळालं तर बसवावं. आणि ज्यानं आधी बसवलंय त्याच्या बांधावर एक चक्कर मारून यावं, कंपनीच्या माणसाला बरोबर न घेता.

नणंदेचंही चुकत नाही. ती राहते त्या देशात प्यू संशोधन केंद्रानं 2025 मध्ये विचारलं तेव्हा निम्म्या लोकांनी सांगितलं की रोजच्या जगण्यात एआय वाढतंय त्याची उत्सुकतेपेक्षा काळजी जास्त वाटते. काळजीपेक्षा उत्सुकता जास्त असं म्हणणारे दहा टक्के. शिवाय ती शिक्षिका. न लिहिलेला निबंध स्वतःचा म्हणून आणून देणारं पोरगं तिला रोज भेटत असणार.

याच केंद्राच्या दुसऱ्या पाहणीतला आकडा मला जास्त बोचतो. पुढच्या वीस वर्षांत एआयमुळे अमेरिकेचं भलं होईल असं या क्षेत्रातल्या तज्ज्ञांपैकी 56 टक्क्यांना वाटतं, आणि सामान्य माणसांपैकी फक्त 17 टक्क्यांना. जे यंत्र घडवतात आणि ज्यांच्यावर ते येऊन पडतं, त्यांच्यात एवढं अंतर आहे. तज्ज्ञांचं तरी आपसात जुळतं का? कम्प्युटर क्षेत्रातला मोठा मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार 2018 मध्ये ज्या तिघांना मिळाला त्यांतले जेफ्री हिंटन या यंत्रांच्या धोक्याबद्दल उघड बोलता यावं म्हणून 2023 मध्ये गूगल सोडून बाहेर पडले, आणि यान लकून म्हणतात ही भीती अवाजवी आहे. याच हिंटन यांनी 2016 मध्ये म्हटलं होतं की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवावं, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा चांगलं काम करेल. आज कुठल्याही जिल्ह्याच्या गावी सोनोग्राफीला नंबर लावून बघा, रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांसाठी अजून ताटकळावं लागतं. तेव्हा मोठा माणूस म्हणाला म्हणून घाबरू नका, आणि मोठा माणूस म्हणाला म्हणून निर्धास्तही होऊ नका. एआय चांगलं की वाईट याचा निकाल लावायची जबाबदारी तुमच्यावर नाही. "कुठल्या कामात, कुणाच्या हातात, चुकलं तर भरणार कोण" एवढं दर वेळी विचारा.

आता दुकान. हे मी सविस्तर लिहिते, कारण तुमच्या घरच्या वादात तुमच्या पोटावर आलेल्या या गोष्टीकडे कुणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही.

तुम्हाला आठवत असेल, किंवा कुणाकडून ऐकलं असेल, डीटीपी आलं तेव्हा छापखान्यातले खिळे जुळवणारे कामगार घरी बसले. काहींनी माउस हातात धरला, बऱ्याच जणांना ते जमलं नाही. पेजमेकर आणि श्रीलिपी या सॉफ्टवेअरनी तुम्हाला दुकान दिलं, त्यांचं काम काढून घेतलं. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. कुठला कामगार त्यातून तरला ते आठवावं म्हणून लिहिते. ज्याला मजकूर कळत होता, प्रूफ वाचता येत होतं, कुठल्या घराण्याची पत्रिका कशी लागते हे माहीत होतं, त्याला डीटीपीच्या दुकानातही मान होता.

गिऱ्हाईक मोबाइलवर आणतं ते चित्र उघडून बघा. रुंदीला साधारण हजारभर पिक्सेल असतात. दहा फुटी फ्लेक्स म्हणजे 120 इंच. इंचाला आठ-साडेआठ ठिपके पडतात, जिथे तुम्ही 72 च्या आसपास धरून चालता. चौकात लावल्यावर साहेबांचा चेहरा फुटतो आणि मंडळ तुमच्याशी भांडतं, मोबाइलशी नाही. जोडाक्षरं तुटलेली, वेलांटी भलतीकडे, गणपतीच्या हाताला बोटं सहा. पण या खोडींवर दुकान उभं करू नका. मराठी अक्षरं ही यंत्रं महिन्यागणिक सुधारून काढतायत, चित्र मोठं करायची साधनंही आहेत. आज दिसणारी चूक वर्षभरानं दिसणार नाही.

यंत्राला तुमच्या गिऱ्हाइकाचं घर मात्र ठाऊक नसतं. लग्नपत्रिकेचा मजकूर एआयकडून करून आणला, दिसायला झकास. "आमचे येथे श्रीकृपेकरून" पासून "माझ्या काकाच्या लग्नाला यायचं हं" पर्यंत सगळं जिथल्या तिथे. पण आजोबांच्या नावामागे "कै." राहिलंय, किंवा हयात चुलत्याच्या मागे लागलंय. थोरल्या चुलत्याचं नाव धाकट्याच्या खाली गेलंय. मुहूर्त पंचांगातल्यापेक्षा वेगळा. अशी पत्रिका पाचशे घरांत गेली तर लग्नात मांडवाबाहेर माणसं रुसून बसतात. तुम्ही काउंटरवर विचारता, "आजोबा आहेत ना हो?" हा प्रश्न इतकी वर्षं तुम्ही फुकट विचारत आलात. आता त्याचे पैसे लावा.

बिलाचे भाग करा. डिझाइन नवं करून हवं असेल तर एक दर. गिऱ्हाइकानं आणलेली फाइल छपाईयोग्य करून द्यायची असेल तर वेगळा दर. मजकूर तपासणी, म्हणजे नावं, मानपान, तारीख, मुहूर्त, फोन नंबर, याचा वेगळा दर. आणि "फक्त प्रिंट मारा" म्हणणाऱ्याला जरूर मारून द्या, पण कागदी प्रूफवर त्याची सही घेऊन: "मजकूर व चित्र ग्राहकाने दिले, छापण्यापूर्वी तपासले." हे काउंटरवर मोठ्या अक्षरात लावा. निम्मे लोक सही करायला पेन उचलतील तेव्हा थबकतील आणि म्हणतील, ताई, तुम्हीच एकदा बघा.

एवढी खबरदारी कशाला असं वाटत असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचं बघा. ऑक्टोबर 2025 मध्ये न्यायालयानं प्राप्तिकर खात्याचा एक आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून जे निवाडे दिले होते ते कधी झालेच नव्हते. एआयच्या जमान्यात यंत्रानं दिलेलं तपासून घ्या, डोळे मिटून विश्वास टाकू नका, असं न्यायालयानं बजावलं. शिकलेल्या अधिकाऱ्यांच्या हातून हे होतं, तर लग्नघाईतल्या बापाच्या हातून होणारच.

एका कामाला मात्र सरळ नाही म्हणा. कुणाचा चेहरा किंवा आवाज त्याला न विचारता वापरायचा असेल तर ते काम घेऊ नका. जाहिरातीत एखाद्या नटीच्या हातात स्थानिक दुकानाची पिशवी, किंवा नेत्याच्या खांद्यावर उमेदवाराचा हात. जानेवारी 2024 मध्ये सचिन तेंडुलकरांचा बनावट व्हिडिओ एका गेमिंग ॲपची जाहिरात करत फिरला, त्यावर मुंबईत गुन्हा नोंदला गेला. आशाताई भोसले यांचा आवाज एआयनं उचलला म्हणून त्या 2025 मध्ये उच्च न्यायालयात गेल्या आणि न्यायालयानं त्यांना संरक्षण दिलं. छापणाऱ्याच्या नावाची ओळ फ्लेक्सच्या कोपऱ्यात असते, ताई. पोलीस आधी तीच वाचतील.

मग दुकानात एआय वापरायचं का? वापरा. बारशाच्या कार्डाची पाच कच्ची डिझाइनं दहा मिनिटांत काढून गिऱ्हाइकापुढे ठेवा. त्यानं एक निवडलं की त्यावर तुमचा हात फिरवा, कोरलड्रॉमध्ये अक्षरं तुमची टाका. वाचलेल्या वेळाचे पैसे मात्र दरातून वजा करू नका. गिऱ्हाईक वेळेचं देत नाही, पत्रिका बिनचूक आली याचं देतं. शेजारच्या दोन-तीन डीटीपीवाल्यांशी बसून तपासणीचा दर एकच ठेवता आला तर फार बरं. हे कसं करायचं ते तुमच्या सासऱ्यांना विचारा. या घरात त्यांच्याइतकं ते कुणालाच येत नाही, आणि इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलेलं नसेल.

दुकानाचं डिझाइनचं उत्पन्न पूर्वीइतकं राहील असं मी तुम्हाला सांगणार नाही. काही कामं गेली ती गेली. बारशाचं कार्ड लोक आता घरीच करून व्हॉट्सॲपवर पाठवतात. पुढच्या दोन वर्षांत कमाईचा भार लग्नपत्रिका, स्मरणिका, शाळा-सोसायट्यांचे अहवाल अशा मजकुराच्या कामांवर न्या, जिथे चूक महागात पडते.

राहिलं सबस्क्रिप्शन. आत्ता देऊ नका. फुकटात मिळतं तेवढं शिकायला पुरेसं आहे. त्याला जुलै 2025 चा एक प्रयोग सांगा. मेटर या संस्थेनं 16 मुरब्बी प्रोग्रामरना त्यांचीच ओळखीची कामं दिली, काही एआय घेऊन, काही एआयशिवाय. एआय घेतल्यावर त्यांना 19 टक्के वेळ जास्त लागला, आणि संपल्यावरसुद्धा त्यांना वाटत होतं की आपण 20 टक्के लवकर केलं. मुरब्ब्यांची ही गत, तर शिकाऊ मुलाला आपण शिकतोय की नुसतं उतरवून घेतोय हे कसं कळणार? त्याला सांगा, या सेमिस्टरचा एक प्रोजेक्ट एआयशिवाय पुरा कर आणि सुट्टीत घरी आलास की दुकानाच्या कम्प्युटरवर मला चालवून दाखव, कुठली ओळ काय करते ते समजावून सांग. ते जमलं तर पुढच्या महिन्यापासून दोन हजार द्या, आणि त्याबदल्यात दुकानाचा दरपत्रक-बिलाचा छोटा प्रोग्राम त्याच्याकडून लिहून घ्या.